नमुना क्रमांक तीन

रायगड जिल्ह्याच्या वरंध खोऱ्यातल्या एखाद्या वाडीतली बाई आठव्या-नवव्या महिन्यात अडली, की तिचा रस्ता बहुतेक ठरलेला असतो. आधी आशाताईंना फोन, मग १०८ ची गाडी, बिरवाडीवरून महाड. तिथं जमलं नाही तर माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, आणि त्याच्याही पुढं अलिबाग. माहेरचं कुणी पुण्याला असेल तर घाट चढून भोरमार्गे पुणं गाठता येतं, पण वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात बंद ठेवतात, म्हणून जुलै-ऑगस्टात तो विचार कुणी करत नाही. या वाटेवर कुठंतरी, कधी गाडीत, कधी सोनोग्राफीच्या टेबलावर, सांगितलं जातं की बाळाचे ठोके लागत नाहीत. कळा मात्र सोसाव्याच लागतात. मूल जन्मतं, पण रडत नाही.

पुढचं घरचे पुरुष बघतात. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, म्हणून कापडात गुंडाळून आणलेलं बाळ गावाच्या शिवेला किंवा स्मशानाच्या कडेला पुरतात. बाईला सांगतात, ‘मनाला लावून घेऊ नको, वयानं लहान आहेस, पुन्हा होईल.’ सुतक किती धरायचं यावर घरातल्या म्हाताऱ्यांचं थोडं बोलणं होतं. सरकारी नोंदीचा विषय बहुधा निघतच नाही. निघालाच तर ‘जगलंच नाही त्याची कसली नोंद’ या वाक्याशी संपतो. कायद्याचं म्हणणं मात्र वेगळं आहे.

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ सालचा. त्याच्या दुसऱ्या कलमात व्याख्या दिल्या आहेत, आणि त्यांतली जन्माची व्याख्या वाचणाऱ्याला थांबवते. जन्म म्हणजे जिवंत जन्म किंवा मृतजन्म, असं तिथं सरळ लिहिलं आहे. मृत्यूची व्याख्या त्याच कलमात पुढं येते, आणि तिला एक अट आहे: आधी जिवंत जन्म झालेला हवा, त्यानंतर जीवनाच्या खुणा कायमच्या नाहीशा व्हायला हव्यात. या दोन व्याख्या एकत्र वाचल्या की निष्कर्ष असा निघतो, की पोटातच गेलेलं मूल सरकारच्या लेखी जन्मलेलं असतं, मेलेलं मात्र नसतं. म्हणून त्याची मृत्यूची नोंद कधीच होत नाही. नोंद होते ती जन्माच्या बाजूला, पण वेगळ्या वहीत. ‘जगलंच नाही’ म्हणणाऱ्या गावापेक्षा इथं कायदा आईच्या जास्त जवळ उभा आहे, असं मला वाटतं. तो निदान ती बाळंत झाली हे मान्य करतो.

वह्या तीन आहेत. जिवंत जन्म कळवायचा तो नमुना क्रमांक एक, मृत्यू दोन, आणि मृतजन्म तीन. आरोग्य खात्यातले लोक त्याला उपजत मृत्यू म्हणतात, आशाताईंच्या अहवालातही हाच शब्द दिसतो. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग असतात. वरचा कायदेशीर भाग निबंधकाकडे राहतो आणि तेच कागद एकत्र बांधून नोंदवही तयार होते. खालचा सांख्यिकीय भाग फाडून वर पाठवतात, तो जिल्ह्याकडून राज्याकडे जातो. आता हे काम संगणकावर होत असलं तरी विभागणी तीच आहे.

नमुना तीनच्या वरच्या भागात काय असतं? जन्माची तारीख, मुलगा की मुलगी, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्माचं ठिकाण, आणि माहिती देणाऱ्याचं नाव-पत्ता. खालच्या भागात आईचं राहतं गाव, वय, शिक्षण, बाळंतपण कुणी केलं, गर्भारपण किती आठवड्यांचं होतं आणि कारण माहीत असेल तर कारण. कित्येक वर्षं चालत आलेल्या या नमुन्यात बाळाच्या नावाला रकाना नाही. जिवंत मुलाची नोंद नावाशिवाय झाली तर नाव नंतर घालता येतं, त्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे. इथं मात्र नाव घालायला जागाच ठेवलेली नाही. ज्यांनी आधीच नाव ठरवून ठेवलं होतं त्यांना हा रिकामेपणा बोचतो. कागद तयार करणाऱ्यांनी मात्र तो आकडेवारीच्या सोयीनं तयार केला होता, आणि आकडेवारीला नाव लागत नाही.

कुठल्या महिन्यातलं मूल या वहीत येतं, हा पुढचा प्रश्न. कायद्यानं तो नियमांवर सोपवला आणि नियमांनी आकडा ठरवला: २८ आठवडे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, म्हणजे १९६ दिवस पूर्ण झाले पाहिजेत. त्याआधी गेलेला गर्भ हा कायद्याच्या भाषेत फक्त गर्भमृत्यू. त्याची नोंद नाही, नमुना नाही, वही नाही. सातव्या महिन्याच्या मध्यावर एक रेघ मारली आहे, आणि तिच्या कुठल्या बाजूला आपण आहोत हे पाळीची तारीख नेमकी सांगितली होती की नाही यावर ठरतं. माता-बाल संरक्षण कार्डावर पहिल्याच भेटीत ही तारीख लिहितात. ती अंदाजानं सांगू नये, याची जी अनेक कारणं आहेत त्यांत हेही एक.

हा आकडा जगात सगळीकडे सारखा नाही. इंग्लंडमध्ये मृतजन्मांची नोंद १ जुलै १९२७ पासून सुरू झाली. तिथंही मर्यादा २८ आठवड्यांची होती आणि आपला १९६९ चा कायदा झाला तेव्हाही ती तशीच होती. पुढं अपुऱ्या दिवसांची बाळं वाचवण्याचं शास्त्र सुधारलं, तसं ब्रिटननं १९९२ मध्ये कायदा करून ती २४ आठवड्यांवर आणली. जागतिक आरोग्य संघटना देशादेशांची तुलना करताना अजून २८ आठवडेच धरते. आपल्याकडेही २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं मोठ्या शहरांतल्या नवजात अतिदक्षता विभागांत वाचतात. म्हणजे डॉक्टर ज्याला वाचवू शकतात, तेच बाळ वाचलं नाही तर नोंदवहीला ते दिसत नाही.

गोंधळ आणखी एका जागी आहे. मातृत्व लाभ अधिनियम १९६१ सालचा. त्यात मूल या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं होतं, आणि गर्भपाताची व्याख्या २६ व्या आठवड्यापर्यंत जात होती. २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही हेच धोरण पुढं चालू ठेवलं. त्यामुळे महाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईचं मूल २७ व्या आठवड्यात पोटात गेलं, तर पगारी रजेच्या कायद्यापुरती ती बाळंत झालेली असते आणि नोंदणीच्या कायद्यापुरती नसते. हा फरक तिच्या कामाचा आहे. गर्भपाताला सहा आठवड्यांची रजा मिळते. बाळंतपणाला, आधी दोन हयात मुलं नसतील तर, २६ आठवड्यांची. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम भरलेलं असलं पाहिजे, एवढी अट. मूल हाताशी नाही म्हणून रजा कापायची मुभा मालकाला नाही, पण हे ठेकेदाराकडे कामाला असलेल्या बाईला सांगणार कोण? केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २ सप्टेंबर २०२२ ला वेगळा आदेश निघाला. मृतजन्म झाला किंवा जन्मल्यावर लगेच मूल गेलं तर ६० दिवसांची विशेष मातृत्व रजा, आणि त्या आदेशात मर्यादा पुन्हा २८ आठवड्यांची. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मृतजन्म झालेल्या बाईला पुढच्या गर्भारपणात नव्यानं लाभार्थी धरतात. अंगणवाडीताईंकडे हे विचारायला हवं, कारण बरीच कुटुंबं आपला हक्क संपला असं समजून गप्प बसतात.

रुग्णालयात बाळाच्या देहाचं काय होतं, हेही आठवड्यांवरच ठरतं. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम जगण्याच्या मर्यादेखालचा गर्भ पिवळ्या पिशवीत टाकायला सांगतात आणि ती मर्यादा गर्भपाताच्या कायद्यावरून घ्यायला सांगतात. त्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे २४ आणि २८ आठवड्यांच्या मधलं बाळ धड कचऱ्यातही मोडत नाही आणि वहीतही चढत नाही. देह घरी न्यायचा असेल तर तो मागावा. मागायला लाजू नये, आणि कुणी कागदावर सही मागितली तर तो काय आहे हे वाचून घ्यावं.

आता नोंद कुठं करायची ते. इथं बहुतेक घरांचा घोटाळा होतो. नोंद राहत्या गावात होत नाही, घटना घडली त्या ठिकाणी होते. वरंधच्या बाईचं बाळंतपण महाड शहरातल्या रुग्णालयात झालं तर वही महाडची, माणगावला झालं तर माणगावची, पुण्याला नेलं तर पुण्याच्या महापालिकेची. वरंधच्या ग्रामपंचायतीत जाऊन भाऊसाहेबांसमोर बसलं तर त्यांच्या वहीत ते सापडणार नाही, आणि त्यांना ते लिहिताही येणार नाही. आईचं गाव फक्त खालच्या सांख्यिकीय भागात येतं. या भागातली बरीच घरं मुंबईशी बांधलेली आहेत. सून नालासोपाऱ्याला किंवा कांदिवलीला, पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा सासरच्या वॉर्डात शोधून उपयोग नाही, माहेराजवळच्या ज्या रुग्णालयात ती बाळंत झाली तिथल्याच निबंधकाकडे जावं लागतं.

कळवायचं कोणी, हेही ठरलेलं आहे. रुग्णालयात असेल तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं, घरी असेल तर कुटुंबप्रमुखानं. सुईण, परिचारिका किंवा बाळंतपणाला हजर असलेल्या आरोग्यसेविकेनंही निबंधकाला सूचना द्यायची असते. मुदत २१ दिवसांची. गाडीतल्या बाळंतपणाचाही विचार नियमांनी केला आहे, आणि वरंध-पोलादपूरच्या रस्त्यांवर तो कागदी राहत नाही. चालत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला तर वाहनाचा ताबा असणाऱ्यानं पहिल्या थांब्याच्या ठिकाणी तो कळवायचा. १०८ ची सेवा राज्यात २०१४ मध्ये आली आणि ज्या बायकांना पूर्वी डोलीतून खाली आणावं लागे त्यांतल्या कित्येकींची बाळंतपणं आता गाडीत होतात. अशा वेळी रुग्णालयाच्या कागदावर जन्माची जागा काय लिहिली आहे हे बघून घेतलेलं बरं.

२१ दिवस उलटले तर काय? तिसाव्या दिवसापर्यंत किरकोळ विलंब शुल्क भरून काम होतं. महिन्यानंतर वर्षाच्या आत असेल तर जिल्हा पातळीवरच्या निबंधकाची लेखी परवानगी आणि स्वतः साक्षांकित केलेला कागद. वर्ष उलटल्यावर २०२३ पर्यंत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे गेला. उशिराच्या नोंदींवरून राज्यात २०२५ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि पडताळणी कडक झाली. तेव्हा आता जुनी नोंद करायला जाणाऱ्यानं रुग्णालयाचे कागद घेऊनच जावं.

या सगळ्यात निर्णायक ठरतो तो एकच क्षण, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. जन्मल्यावर बाळानं एकदा श्वास घेतला, नाळेत एकदा ठोका लागला, हात हलला, तरी ते कायद्यानं जिवंत जन्मलेलं असतं. गर्भारपण कितीही आठवड्यांचं असो, इथं २८ ची अट नाही. पाच मिनिटांनी ते गेलं तर नमुना तीन लागू होत नाही. नमुना एक भरायचा आणि नमुना दोनही भरायचा. जन्माचा दाखला मिळतो आणि मृत्यूचाही. न रडलेल्या आणि क्षणभर हुंदकलेल्या बाळांमध्ये आईच्या दृष्टीनं फरक तो काय? कायद्यात मात्र त्या हुंदक्यावर जमिनीचे वाटे बदलतात.

उदाहरण घ्या. एका माणसाच्या नावावर स्वकष्टार्जित जमीन आहे. तो अपघातात जातो. मागं बायको, म्हातारी आई, आणि बायकोच्या पोटात सात महिन्यांचं मूल. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचं विसावं कलम सांगतं, की बापाच्या मृत्यूच्या वेळी पोटात असलेलं आणि पुढं जिवंत जन्मलेलं मूल आधीच जन्मलेलं होतं असं समजून वारस होतं. मूल मृत जन्मलं, तर वारस दोनच: मेलेल्या माणसाची बायको आणि आई, निम्मंनिम्मं. मूल तासभर जगलं, तर वारस तीन झाले, प्रत्येकाला तिसरा हिस्सा. मग ते मूल मुलगा असेल, तर ते गेल्यावर त्याचा हिस्सा त्याच्या आईकडे जातो. म्हणजे सुनेला दोन-तृतीयांश, सासूला एक-तृतीयांश. त्या तासाचा सगळा भार बाळंतपणाच्या खोलीतल्या नर्सबाईच्या एका टिपेवर येतो. तलाठ्याकडे वारसनोंद करताना हा प्रश्न रोज येत नाही, पण आला तर त्याचं उत्तर नमुना तीन भरला होता की एक आणि दोन, यातच असतं.

जिवंत होतं का, हा प्रश्न फौजदारी कज्ज्यांतही फार जुना आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण विधवांची बाळंतपणं लपून व्हायची आणि त्यानंतरचं सगळंच लपवावं लागायचं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, आणि त्या संतापातून ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. अशा खटल्यांत मूल मृत जन्मलं होतं असं सिद्ध झालं तर खुनाचा आरोप टिकत नसे. इंग्लंडातही मृतजन्मांच्या नोंदीमागं एक मोठं कारण हेच होतं: मारलेलं मूल मृत जन्मलेलं म्हणून गुपचूप पुरलं जाऊ नये. आपल्या दंडसंहितेत जन्म लपवण्यासाठी मुलाचा देह गुप्तपणे पुरणं हा गुन्हा होता, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ९४ व्या कलमात तो आहे. मूल जन्माच्या आधी गेलं की नंतर, हे त्या कलमात पाहत नाहीत. घरच्यांनी चार माणसांदेखत शिवेला पुरलेल्या बाळाला हे कलम लागत नाही, कारण तिथं लपवण्याचा हेतूच नसतो. पण नवरा सोडून गेलेली, किंवा लग्न न झालेली मुलगी घरीच अडली आणि मूल गेलं, तर उद्या कुणी बोट दाखवलं तेव्हा तिच्या बाजूनं उभा राहणारा कागद नमुना तीनच असतो. नोंद म्हणजे तिची बदनामी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उलटं करून पाहावं.

सरकारला ही वही कशाला हवी, त्याचं उत्तर मृतजन्मांच्या संख्येत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे १९ लाख मुलं २८ आठवड्यांनंतर पोटात किंवा प्रसूतीत जातात, आणि २०१९ साठीच्या अंदाजात भारताचा वाटा तीन लाखांच्या वर, म्हणजे इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त होता. यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक बाळांचे ठोके कळा सुरू झाल्यानंतर थांबतात. म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा मूल जिवंत होतं. तिथून पुढं गाडी वेळेवर आली का, सिझेरियन करायला डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ हजर होते का, रक्त होतं का, यावर सगळं अवलंबून होतं. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, रक्ताची कमी, आणि पोटात न वाढणारं मूल ही बाकीची मोठी कारणं. ती महिनोन्महिने आधी दिसतात, कुणी पाहिलं तर. डॉक्टर केसपेपरवर ताजा की कुजलेला असा एक शेरा मारतात. वाचायला तो निष्ठुर आहे, पण मूल कळांच्या आधी गेलं की कळांत, हे तोच सांगतो.

भारतानं २०१४ मध्ये नवजात कृती आराखडा मांडला आणि २०३० पर्यंत मृतजन्माचं प्रमाण हजारी दहाच्या खाली आणायचं ठरवलं. आराखडा मांडताना अंदाज होता हजारी २२ चा. त्याच सुमारास सरकारच्याच नमुना नोंदणी पद्धतीत हे प्रमाण हजारी चार-पाच दिसत होतं. कागदावर पाहिलं तर लक्ष्य गाठूनच झालं होतं! एवढी तफावत पडते ती घराघरांत न सांगितलेल्या, आणि रुग्णालयांत इकडच्या तिकडं लिहिलेल्या मुलांमुळे. नवजात बाळ गेलं तर मृत्यूचं परीक्षण होतं, समिती बसते, प्रश्न विचारले जातात. तेच मूल मृत जन्मलं असं लिहिलं तर बराच काळ कुणी काही विचारत नसे. मृतजन्मांची अशी छाननी व्हावी म्हणून केंद्रानं २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पण छाननी आधी कागदावर आलेल्या मुलाचीच होणार. वरंध खोऱ्यात पावसाळ्यात किती बाळंतपणं रस्त्यात अडतात हे जर नमुना तीनच्या खालच्या भागातून जिल्ह्याला कळलं नाही, तर माणगावला दुसरा भूलतज्ज्ञ मागण्यासाठी हातात काही उरत नाही.

कागदाची किंमत या भागाला शिकवावी लागत नाही. २२ जुलै २०२१ ला याच बाजूच्या तळीये गावावर दरड कोसळली, अनेक देह सापडलेच नाहीत, आणि बेपत्ता माणसांना मृत घोषित होईपर्यंत मागं राहिलेल्यांचं काहीच पुढं सरकेना. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसिलीतले जुने गाव नमुना १४, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या जन्ममृत्यूच्या वह्या, लोकांनी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. कोण्या पाटलानं किंवा कुलकर्ण्यानं लिहिलेली एक ओळ पणतवाच्या जातीच्या दाखल्याला उपयोगी पडली.

तरीही मृतजन्माची नोंद झाल्यावर आईबापांच्या हाती सहसा काहीच येत नाही. कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे नोंद पूर्ण झाल्यावर माहिती देणाऱ्याला विनाशुल्क दाखला द्यायचा असतो, आणि २०२३ नंतर तो सात दिवसांत. नियमांनी त्यासाठी दोनच नमुने ठरवले: पाच नंबर जन्माच्या दाखल्याचा, सहा नंबर मृत्यूच्या दाखल्याचा. मृतजन्माच्या दाखल्याचा नमुना काढलाच नाही. म्हणून खिडकीवर उत्तर मिळतं, ‘याचा दाखला नसतो.’ ते कर्मचारी खोटं बोलत नाहीत, त्यांच्यापुढं छापील फॉर्म नाही. पण मूळ कायदा वाचला तर जन्मात मृतजन्म येतो, आणि सतरावं कलम कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायचा आणि जन्माच्या किंवा मृत्यूच्या नोंदीचा उतारा, दाखला मागायचा हक्क देतं. कायद्यानं दिलेलं नियमांनी फॉर्म छापला नाही म्हणून हिरावता येत नाही, असा युक्तिवाद सहज उभा राहतो.

इतर देशांत हा प्रश्न आईबापांनीच पुढं नेला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यानं २००१ मध्ये मृतजन्मासाठी जन्माचं वेगळं प्रमाणपत्र देणारा कायदा केला आणि मग तो राज्याराज्यांत पसरला. जर्मनीत २०१३ पासून कितीही कमी वजनाच्या बाळाची नोंद आईबाप करून घेऊ शकतात, नावासकट. नेदरलँड्सनं २०१९ पासून जुन्या मृतजन्मांनाही लोकसंख्या नोंदवहीत जागा दिली. इंग्लंडमध्ये मृतजन्माचं प्रमाणपत्र नावासह मिळतंच. २०२४ च्या फेब्रुवारीपासून २४ आठवड्यांआधी गेलेल्या बाळासाठीही तिथलं सरकार मागणाऱ्याला ऐच्छिक प्रमाणपत्र देतं. लंडनला किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी जोडप्याला जे मिळतं, ते महाडला मिळू नये याला आपल्या कायद्यात कारण सापडत नाही. कमी आहे ती एका छापील नमुन्याची.

तो येईपर्यंत एवढं करता येतं. रुग्णालय सोडताना डिस्चार्ज कार्डावर तारीख, वेळ, आठवडे, वजन, मुलगा की मुलगी आणि मृतजन्म हा शब्द लिहिलेला आहे का, हे पाहायचं आणि नमुना तीन पाठवला का, कोणत्या निबंधकाकडे, हे विचारून त्याचा नोंदणी क्रमांक मागायचा. मग त्याच निबंधकाकडे साध्या कागदावर अर्ज, त्यात सतराव्या कलमाचा स्पष्ट उल्लेख. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची. नकार मिळाला तर तो लेखी मागायचा. २०२३ च्या दुरुस्तीनं निबंधकाच्या निर्णयावर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करायची सोय केली आहे, आणि त्या अपिलावर ९० दिवसांत निर्णय द्यायचं बंधन जिल्हा निबंधकावर आहे.